शिडी पोहोचेल या भरवशावर राहू नका

प्रश्न मुंबईच्या उपनगरातल्या एका पंधरा मजली सोसायटीच्या सेक्रेटरींचा आहे. फायर स्टेशन दीड किलोमीटरवर, अग्निशमन दलाकडे ९० मीटरची शिडी, मग सोसायटीने पंप, होज (आगीवर पाणी मारायची जाड नळी) आणि दर सहा महिन्यांच्या ‘फॉर्म बी’वर, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याच्या प्रमाणपत्रावर, पैसे का घालायचे? शिवाय, दल आल्यावर नेमकं काय करतं आणि तेव्हा रहिवाशांनी काय करायचं?

आधी शिडीबद्दल, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. वर्दी मिळाली की जवळच्या केंद्रातून पहिला निघतो तो साधा बंब. उंच शिडीच्या गाड्या मोजक्या असतात, त्या ठरावीक केंद्रांवर उभ्या असतात आणि ट्रॅफिकमधून त्यांना वाट काढायला जास्त वेळ लागतो. पोहोचल्यावर गाडीचे चार पाय दोन्ही बाजूंना बाहेर काढून जमिनीवर टेकवावे लागतात, त्यासाठी पाच-सहा मीटर रुंद, सपाट आणि पक्की जागा हवी. तुमच्या आवारात पेव्हर ब्लॉकखाली पाण्याची टाकी असेल आणि तिच्या स्लॅबचा हिशेब फक्त मोटारींच्या वजनाचा केलेला असेल, तर त्यावर अशी गाडी चढवायचा धोका कोणताही अधिकारी घेणार नाही. सगळं जुळून आलं तरी शिडी पोहोचते ती गाडी ज्या बाजूला उभी आहे त्याच बाजूच्या फ्लॅटना. मागच्या विंगेतल्यांना ती दिसतही नाही. शिडी अडकलेल्यांना उतरवायला आणि बाहेरून पाणी मारायला उपयोगी. नवव्या मजल्यावरच्या आतल्या बेडरूममधली आग मात्र तुमच्या जिन्यातूनच विझवावी लागते.

आणि जिन्यातून विझवायची म्हणजे माणसं आमची, अग्निशमन दलाची, पाणी तुमचं.

बंबाच्या टाकीत साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं. २० मिलिमीटर तोंडाच्या ब्रँचमधून, म्हणजे होजच्या टोकाच्या पितळी तोंडातून, साडेतीन किलो दाबाने (दर चौरस सेंटिमीटरला), मिनिटाला जवळपास ५०० लिटर जातं. म्हणजे एका होजवर नऊ मिनिटं. मागून टँकर येतो, पण तोवरची ती नऊ मिनिटंसुद्धा पाणी नवव्या मजल्यावर चढलं तरच मिळतात. ते चढवायची वाट म्हणजे तुमच्या जिन्याशेजारचा, कायम पाण्याने भरलेला उभा लाल पाइप, वेट रायझर.

आता दाबाचा हिशेब. हा कमिटीतल्या प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून बघावा. दर दहा मीटर उंचीला एक किलो दाब खर्ची पडतो. तुमची इमारत ४५ मीटर धरली तर उंचीलाच साडेचार किलो गेले. सर्वात वरच्या हायड्रंटला, म्हणजे रायझरवर होज जोडायच्या व्हॉल्व्हला, साडेतीन किलो मिळायलाच हवेत. झाले आठ. पाइप, वळणं आणि व्हॉल्व्ह यांच्या घर्षणाला आणखी किलोभर. म्हणजे तळाच्या पंपाने नऊच्या आसपास दाब द्यायला हवा, आणि तोही पाणी वाहत असताना. व्हॉल्व्ह बंद ठेवून गेज नऊ दाखवतो याला काही अर्थ नाही. आत गंज धरलेला, अर्धा बुजलेला पाइपही स्थिर पाण्यात पूर्ण दाब दाखवतो. वरचा व्हॉल्व्ह उघडला की काटा धपकन खाली येतो, तेव्हाच खरं कळतं.

याची उलट बाजू खालच्या मजल्यांवर दिसते. दुसऱ्या मजल्यावर तोच दाब आठ किलोच्या वर असतो. २० मिलिमीटरच्या ब्रँचला पाच किलो दाबावर मागे रेटा बसतो सुमारे ३० किलोचा, तो दोघे जण कसाबसा पेलतात. आठवर तो पन्नाशीला जातो. उत्साही रहिवाशाने एकट्याने असा होज उघडला तर ब्रँच हातातून सुटते आणि पितळेचं ते तोंड भिंतीवर, माणसांवर आपटत फिरतं. म्हणून खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारी सोय असावी लागते, आणि रहिवाशांनी मोठ्या होजला हात न लावता होज रीलच वापरावी. ती ड्रमवर गुंडाळलेली पाऊण इंची रबरी नळी, सुमारे ३० मीटर लांब. एकटी बाईसुद्धा ती ओढत नेऊ शकते आणि तोंडाशीच बंद-चालू करता येते. सुरुवातीची आग विझवायला ती पुरते. ड्रमजवळचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा आणि मग नळी ओढायची. नेमकं उलटं होतं: लोक नळी घेऊन आत जातात आणि पाणी सोडायला पुन्हा धूर भरलेल्या पॅसेजमध्ये परततात.

पंपाच्या खोलीत सहसा तीन पंप असतात: मोठा विजेवरचा, तेवढ्याच ताकदीचा डिझेलवरचा आणि छोटा जॉकी. उंच निवासी इमारतींत मोठ्याचं नेहमीचं माप मिनिटाला २२८० लिटर आणि जॉकीचं १८०. पाइपमधला दाब थोडा घसरला की जॉकी चालू होतो, दाब भरतो आणि आपोआप बंद होतो. दाब खूपच घसरला, म्हणजे कुणीतरी हायड्रंट उघडला, की मोठा पंप चालू होतो. तो मात्र हातानेच बंद करायचा असतो, आणि तो दोष नाही, तशीच रचना आहे.

बिघाड कुठे होतो ते सांगतो. कुठल्यातरी मजल्यावरचा व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो. जॉकी दर दहा मिनिटांनी चालू-बंद होत राहतो. तळमजल्यावरचे रहिवासी आवाजाची तक्रार करतात आणि खजिनदार वीजबिलाची. मग कुणीतरी पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवतो, तात्पुरता. तो तसाच राहतो, वर्षानुवर्षं. आगीच्या रात्री आठव्या मजल्यावर व्हॉल्व्ह उघडला जातो, पाइपात साचलेलं पाणी दोन मिनिटं धावतं आणि मग फुस्स. पंपाच्या खोलीची चावी सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला. उंच इमारतींत पाणी न मिळण्याची जितकी कारणं आहेत त्यांत हा स्विच माझ्या मते पहिला आहे. गळका व्हॉल्व्ह दुरुस्त करायला प्लंबरचा अर्धा दिवस पुरतो.

दुसरं कारण मेन स्विच. आग म्हटली की वॉचमन धावत जाऊन इमारतीची सगळी वीज तोडतो. जळणाऱ्या फ्लॅटची, फार तर त्या मजल्याची वीज तोडणं बरोबर आहे. पण फायर पंप आणि फायर लिफ्ट (आगीच्या वेळी जवान वापरतात ती लिफ्ट) यांची लाइन मेन स्विचच्या आधीच वेगळी काढलेली असावी, म्हणजे बाकी इमारत अंधारात गेली तरी या दोन्ही चालू राहतात. तुमच्याकडे ती तशी आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि त्या स्विचवर मोठ्या अक्षरांत मराठी-हिंदीत लिहा: ‘फायर पंप. आगीच्या वेळी बंद करू नये.’ डिझेल पंपाचं दुखणं एकच, बॅटरी. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवला तर ती मरत नाही.

टाकीचं काय होतं ते मुंबईकरांना सांगायला नको. पाणीकपात लागली की ‘तेवढ्यापुरतं’ फायरच्या टाकीतलं पाणी घरगुती टाकीत ओढलं जातं. खरी रचना अशी हवी की महापालिकेचं पाणी आधी फायरच्या टाकीत पडेल, ती भरली की वरून वाहून घरगुती टाकीत जाईल. मग फायरची टाकी कायम भरलेली राहते आणि पाणी सडतही नाही.

तळमजल्यावर, गेटजवळ, भिंतीतून बाहेर आलेली दोन-चार तोंडांची लाल जोडणी, म्हणजे इनलेट, असते. बंबाचा होज तिला जोडून आम्ही तुमच्या रायझरमध्ये पाणी ढकलतो, म्हणजे पंप बंद पडला तरी आशा राहते. इथे तीन घोळ नेहमीचे. समोर कुणाचीतरी कार उभी असते. झाकणं चोरीला गेल्यावर मुलांनी आत खडे, चॉकलेटचे कागद घातलेले असतात आणि ते थेट ब्रँचच्या तोंडात येऊन अडकतात. तिसरा घोळ म्हणजे बऱ्याच ठिकाणी अशा दोन जोडण्या असतात, एक रायझरची आणि एक टाकी भरायची, पण कुठली कोणती हे लिहिलेलंच नसतं. अंधारात यंत्रचालकाने चुकीची निवडली तर सगळं पाणी टाकीत जातं आणि वरचे जवान कोरडा होज धरून उभे. दोन पाट्या रंगवायला कितीसा खर्च येतो? आणि या वाटेने सगळं भागेल असंही समजू नका. बंबाचा पंप नेहमीच्या कामात सातच्या आसपास दाब देतो. ४५ मीटर चढल्यावर त्यातले अडीच उरतात, घर्षण वेगळंच. दाब वाढवता येतो, पण तुमचे जुने जोड तो किती सोसतील हा प्रश्न उरतोच.

होजच्या पेटीत काय असावं? ६३ मिलिमीटरचे १५ मीटरचे दोन होज आणि एक ब्रँच. प्रत्यक्षात पेटीत झाडू, पोछा आणि दिवाळीतले उरलेले दिवे सापडतात. ब्रँच आणि कपलिंग पितळेची किंवा गनमेटलची, म्हणून भंगारवाल्याकडे भाव चांगला. इमारतीला रंगकाम झालं की त्यानंतर मोजणी करावी, बाहेरची माणसं सर्वात जास्त दिवस आवारात असतात ती तेव्हाच. जे उरलं असेल त्याचा रबरी वॉशर कडक झालाय का ते नखाने दाबून बघा. वॉशर कडक झाला की जोडावरच पाण्याचं कारंजं उडतं आणि तोंडाशी धार उरत नाही.

आता दल आल्यावर काय होतं ते. पथकाचा अधिकारी उतरल्या उतरल्या चार गोष्टी विचारतो: कितवा मजला आणि कुठला फ्लॅट, आत कोण आहे, काय जळतंय, वीज आणि गॅस तोडला का. या चारांची उत्तरं देणारा एकच माणूस गेटवर हवा. वीस जण एकाच वेळी बोलू लागले की दोन मिनिटं वाया जातात. इमारत जुनी, लाकडी जिन्याची किंवा मध्ये तोडफोड झालेली असेल तर तेही न विचारता सांगा. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये इमारतीचा भाग कोसळला आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. जळणारं लाकूड किती वेळ भार घेईल याचा अंदाज बाहेरून बांधणं फार अवघड असतं.

मग दोन-तीन जवान पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन वर जातात. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने (एक बार म्हणजे जवळपास वरचाच एक किलो दाब) साधारण २००० लिटर हवा असते. पुस्तकी हिशेबाने, मिनिटाला ४० लिटरने, ती पन्नास मिनिटं पुरावी. पण जिने चढणारा, होज ओढणारा माणूस मिनिटाला ७०-८० लिटर ओढतो, म्हणजे पंचवीस मिनिटं. त्यातही ५०-५५ बारला शिट्टी वाजू लागली की परत फिरायचं. म्हणून मास्क आगीच्या मजल्याखाली पोहोचल्यावरच चढवतात. फायर लिफ्ट तळापासून शेवटच्या मजल्यावर एका मिनिटात पोहोचायला हवी. ती चालू असेल तर जवान आगीच्या दोन मजले खाली उतरतात. बंद असेल तर नऊ मजले पायी, अंगावर वीस-पंचवीस किलो घेऊन, आणि कामाला हात लागायच्या आधीच निम्मा दम संपलेला.

होज जोडतात तो आगीच्या एक मजला खालच्या व्हॉल्व्हला, कारण तिथे धूर कमी आणि परतीची वाट मोकळी. होज कोरडा असतानाच जिन्याच्या वरच्या वळणापर्यंत नेऊन परत खाली दाराशी आणतात आणि मग पाणी सोडतात. कारण साधं आहे: भरलेल्या १५ मीटर होजमध्ये सुमारे ४७ किलो पाणी असतं. तो जिन्यावरून खाली ओढत आत नेणं सोपं, खालून वर ओढणं जवळपास अशक्य. आता त्याच वळणावर चपलांचं कपाट, दोन सायकली आणि तुळशीची कुंडी असेल तर होज त्यात अडकतो, घडी पडते आणि घडीतून पाणी जात नाही. पॅसेज मोकळे ठेवा असं दलाचे लोक पुन्हा पुन्हा का सांगतात ते यावरून कळेल.

दाराशी आल्यावर ते झटकन उघडत नाहीत. हाताच्या मागच्या बाजूने दाराची उष्णता बघतात, मग थोडंसं उघडून छताकडे पाण्याचा फवारा मारतात. बंद खोलीतली आग हवेवाचून दबलेली असते. दार सताड उघडलं की तिला ताजी हवा मिळते, छताजवळचा धूर ६०० अंशांच्या आसपास तापला की खोलीतलं सगळंच एकदम पेटतं. पाण्याची वाफ होताना ते जवळपास १७०० पट फुगतं, म्हणून एकदम खूप पाणी मारलं तर ती वाफ उलटून जवानांनाच भाजते. रहिवाशांसाठी यातला धडा एकच: आग लागलेल्या घरातून बाहेर पडताना दार ओढून घ्या. कुलूप लावू नका, फक्त ओढा. साधं फ्लश दारही जिन्यात धूर भरायला काही मिनिटं उशीर करतं, आणि वरच्या मजल्यांवरची माणसं त्याच मिनिटांत खाली येतात.

माणसं भाजून कमी आणि धुराने जास्त जातात. धूर वर चढायची सर्वात सोपी वाट म्हणजे इलेक्ट्रिक डक्ट. केबल टाकताना प्रत्येक मजल्यावरच्या स्लॅबला भोक पाडतात, काम झाल्यावर ते आगरोधक मालाने बंद करायला हवं, करत कुणी नाही. इंटरनेटवाला येतो, आणखी एक भोक पाडून जातो. मग तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये ठिणगी पडते आणि बाराव्या मजल्यावर दार उघडलं की पॅसेज काळा. डक्टचे दरवाजे उघडून बघा. खालचा मजला दिसत असेल तर ते काम आधी करा, बाकी सगळं नंतर.

रहिवाशांनी काय करायचं? आगीच्या मजल्यावर आणि लगेच वर असाल, जिना स्वच्छ असेल, तर जिन्याने खाली. साधी लिफ्ट कधीच नाही. जिन्यात धूर असेल तर घरात परत, दार बंद, खालच्या फटीत ओला टॉवेल, आणि रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत किंवा बाल्कनीत उभं राहून मोबाइलचा टॉर्च हलवा. २४ मीटरच्या वर रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा, असतो, तिथे पोहोचता आलं तर उत्तम, अर्थात तो कुणी स्टोअर रूम करून टाकला नसेल तर. गच्चीकडे धाव घेण्याआधी विचार करा: दाराला कुलूप असेल तर तुम्ही धुराच्या सर्वात दाट जागी अडकता. आणि बाथरूममध्ये लपू नका. २९ डिसेंबर २०१७ च्या कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहाच्या बाजूला सापडले. नळाचं पाणी धुरापासून वाचवत नाही आणि तिथे हाक मारायला खिडकी नसते. बॉक्स ग्रिलला माणूस बाहेर येईल एवढी, आतून उघडणारी झडप हवी. चावी तिथेच खिळ्याला.

स्वयंपाकघरातल्या आगीबद्दल थोडक्यात. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करा, ताट किंवा झाकण सरकवत टाका आणि पंधरा मिनिटं उघडू नका. पाणी टाकलं तर पेटतं तेल छताला लागतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला की बटणांना हात न लावता खिडक्या-दारं उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. सहा किलोचं एबीसी पावडरचं एक्स्टिंग्विशर पंधरा-वीस सेकंदांत संपतं. पिन काढा, आगीच्या बुंध्यावर मारा, पाठ दाराकडे ठेवा. ते संपलं आणि आग आहेच, तर बाहेर.

फोन १०१ ला. पत्त्यात उपनगर आणि पूर्व की पश्चिम हे आधी सांगा. महात्मा गांधी रोड गोरेगावला आहे, कांदिवलीला आहे, मुलुंडला आहे, घाटकोपरला आहे. मग इमारतीचं नाव, मजला, काय जळतंय, कोणी अडकलंय का. समोरचा ठेवेपर्यंत फोन ठेवू नका. बातम्यांत ‘लेव्हल-२’, ‘लेव्हल-३’ असं येतं ते घटनास्थळी गेलेला अधिकारी ठरवतो, त्यावरून पुढच्या गाड्या आणि अधिकारी निघतात.

आता फॉर्म बी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांची, म्हणजे सोसायटीची. जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं, तोच फॉर्म बी. एजन्सीचा माणूस आला, लिफाफा दिला, चेक घेऊन गेला, असं होऊ देऊ नका. सही घेण्याआधी त्याच्यासोबत पुढची फेरी मारा. पॅनेल ऑटोवर आहे ते बघा. पंधराव्या मजल्यावर होज जोडून गच्चीत पाणी सोडा आणि जॉकी, मग मोठा पंप आपोआप चालू होतो का ते खाली उभ्या माणसाला फोनवर विचारा. पाणी वाहत असताना वरचा गेज साडेतीनच्या वर आहे का ते वाचा. विजेचा पंप बंद करून डिझेल उचलतो का बघा. गेटजवळच्या इनलेटचं झाकण काढून आत हात घाला. अर्धा तास लागतो. १४ ते २० एप्रिलला अग्निशमन सप्ताह असतो, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात केंद्राला पत्र देऊन सोसायटीत प्रात्यक्षिक मागता येतं. त्यासाठी जवान आले की त्यांना तुमचा जिना, इनलेट आणि पंपाची खोली दाखवून ठेवा. रात्री तीनला तेच येणार आहेत.

पंपाची खोली, गच्ची, मीटर रूम आणि डक्ट यांच्या चाव्या एका जुडग्यात, प्रत्येकीला पाटी लावून, वॉचमनच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत ठेवा. दुसरं जुडगं कमिटीतल्या अशा माणसाकडे, जो रोज रात्री घरी झोपायला असतो.